मेलबर्नचे चार गोल

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून फुटबॉलच्या एका खेळाडूची कहाणी सांगावयाची, याचे कित्येकांस नवल वाटेल. या गावाने अशा मालांतून शिवचरित्र ऐकले, पेशवाई ऐकली, लोकमान्य ऐकले, ज्ञानेश्वरी ऐकली. खेळाचे म्हणाल तर आपल्याकडे हुतूतू, खोखो, आट्यापाट्या, आणि भातकापणी झाली की मळ्यामळ्यांतून चालणारे क्रिकेट. फुटबॉल हा काही रत्नागिरीचा खेळ नव्हे. मग हा विषय आम्ही का घेतला? त्याचे उत्तर असे की, ही कहाणी वरवर पाहता चेंडूची असली तरी आतून चाकरीची आहे. आणि चाकरी म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. येथील घराघरांतून एक तरी माणूस मुंबईस गेला, त्याच्या मनीऑर्डरीवर घरची चूल पेटली, आणि गणपतीस व शिमग्यास तो परत आला की आपण त्यास चाकरमानी म्हटले. आज ज्याच्याविषयी बोलावयाचे तो नेव्हिल डिसोझा हाही आमच्या मते एक चाकरमानीच होता. मात्र त्याने आपल्या चाकरीच्या काळात असे काही करून ठेवले की जगाच्या खेळांच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले, आणि आपल्याच घरच्या वहीत ते नोंदावयाचे राहून गेले.

जगाच्या वहीतली नोंद प्रथम पाहू. 1956 साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने झाले. त्यांतील फुटबॉलच्या स्पर्धेत सर्वांत अधिक गोल करणारे खेळाडू तीन. तिघांचेही गोल चार-चार. एक युगोस्लाव्हियाचा तोदोर व्हेसेलिनोविच, दुसरा बल्गेरियाचा दिमितर मिलानोव्ह, आणि तिसरा भारताचा नेव्हिल डिसोझा. आशिया खंडातील एखाद्या खेळाडूने ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल करावे, ज्यास हॅटट्रिक म्हणतात, ही गोष्ट त्यापूर्वी घडली नव्हती. ती नेव्हिलने घडविली. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील पहिला देश तो भारत. आणि त्या संघाचा नेम ज्याच्या पायावर होता तो मुंबईच्या मैदानांवर वाढलेला गोमंतकीय तरुण त्या वेळी अवघा चोवीस वर्षांचा होता.

आता एक प्रश्न आम्ही श्रोत्यांपुढे ठेवतो. या तिघांचा पुढचा प्रवास सारखाच झाला काय? झाला नाही, आणि का झाला नाही हे समजून घेणे हाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे. त्यासाठी आधी दोन शब्दांचा विचार करू. ते शब्द म्हणजे हौशी आणि धंदेवाईक.

हे शब्द आपणांस नाटकामुळे पाठ आहेत. धंदेवाईक नाटक मंडळी गावोगाव फिरे, तिकिटे लावी, नटांना पगार देई. हौशी मंडळी कचेरीतून सुटल्यावर तालमी करी आणि वर्षाकाठी एखाद-दुसरा प्रयोग करी. आपण टाळ्या धंदेवाईक नटास देत होतो, पण मान बहुधा हौशी नटास अधिक देत होतो. कारण कलेवर पोट भरणे यात काही तरी उणेपणा आहे, ही समजूत आपल्या मध्यमवर्गाच्या हाडी बसलेली होती. नेमकी हीच समजूत ऑलिंपिकच्या चालकांचीही होती. इंग्लंडमधील ज्या वर्गास पोटाची चिंता नव्हती त्या वर्गाने खेळाचे नियम बांधले, आणि ज्यास खेळण्याबद्दल पैसा मिळतो त्यास ऑलिंपिकात प्रवेश नाही असे ठरविले. कामगाराच्या मुलाने पोटासाठी फुटबॉल खेळावा आणि सुखवस्तूच्या मुलाने आनंदासाठी, अशी ही वाटणी. त्या इंग्लंडातही धंदेवाईक खेळाडूची चैन होती असे समजू नये. त्याच्या साप्ताहिक वेतनावर मर्यादा होती, आणि 1961 च्या जानेवारीत ती उठविली गेली तेव्हा तिचा आकडा आठवड्यास 20 पौंड इतकाच होता.

परंतु जग या दोन खणांत बसणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात जी नवी राज्ये आली त्यांनी एक तिसरी वाट काढली. तेथे धंदेवाईक फुटबॉल नाही असे कागदोपत्री जाहीर झाले. मग खेळाडू कोण? तर तो सैन्यातला अधिकारी, नाही तर पोलिस खात्यातला नोकर. हंगेरीचा पुश्काश हा सैन्यात मेजर म्हणून नोंदलेला. रुमानियात राजधानी बुखारेस्टचे दोन बलाढ्य संघ, एक सैन्याचा आणि दुसरा अंतर्गत व्यवहार खात्याचा. बल्गेरियाचा मिलानोव्ह सोफियाच्या सैनिकी संघाचा. ही माणसे सकाळ-संध्याकाळ सराव करीत आणि पगार सरकारी खजिन्यातून घेत. नावाला हौशी, पण दिवसभराचा व्यवसाय फुटबॉलच.

आपल्या देशातही तिसरीच वाट होती. पण ती सरकारी खजिन्याची नव्हे, कंपनीच्या हजेरीपटाची. ती समजण्यासाठी आपण मुंबईस जाऊ.

मुंबईस जाण्याची कोकणची जुनी वाट समुद्राची. गोव्याकडून येणारा माणूस आणि रत्नागिरीचा माणूस हे दोघेही आगबोटीच्या डेकवर वळकटी टाकून त्याच धक्क्याकडे निघालेले. मुंबईत उतरल्यावर रत्नागिरीकर गिरणगावात आपल्या गावाच्या सामाईक खोलीत पथारी टाकी. गोमंतकीय ख्रिस्ती माणूस धोबीतलाव किंवा माझगाव येथे आपल्या गावच्या कुडात जाई. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालविलेले बिऱ्हाड. भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात संताची वेदी, संध्याकाळची प्रार्थना चुकवावयाची नाही असा नियम, आणि बोटीवर जाण्याची वाट पाहणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक यांची गर्दी. आपल्या खोलीत भजनाची टाळमृदंगे टांगलेली असत, तर त्यांच्याकडे व्हायोलिन आणि फुटबॉल. दोन्ही बिऱ्हाडांचे कारण एक, ते म्हणजे गावात पोट भरत नव्हते.

याच मुंबईत फुटबॉलची परंपरा जुनी होती. रोव्हर्स चषकाची स्पर्धा 1891 साली सुरू झाली. प्रारंभी ती गोऱ्या पलटणींची होती; 1937 साली बंगलोर मुस्लिम्स संघाने ती जिंकली तेव्हा कोठे तो चषक प्रथम एका भारतीय नागरी संघाच्या हाती आला. पावसाळा आला की मुंबईत स्थानिक सामने सुरू होत; कूपरेजच्या मैदानावर चिखलात घसरणारे खेळाडू पाहावयास छत्र्या घेऊन माणसे उभी राहत. पलटणी गेल्या तसे त्यांचे स्थान कंपन्यांच्या संघांनी घेतले. टाटा, कॅलटेक्स, बर्मा शेल, रेल्वे अशी ती नावे. एखादा मुलगा मैदानावर चमकला की कंपनी त्यास नोकरी देई. खेळाचा मोबदला म्हणून पैसा नाही, कारण तसे केल्यास तो धंदेवाईक ठरेल. पगार मिळावयाचा तो नोकरीचा. सराव कामाच्या आधी किंवा नंतर, आणि सामन्याच्या दिवशी सवलत. आपल्या शब्दांत सांगावयाचे तर हा खेळाडू ना हौशी ना धंदेवाईक, तो चाकरमानी.

नेव्हिल डिसोझाचा जन्म 1932 चा. मूळ गोव्याचे. तारुण्यात पदार्पण करताच तो टाटांच्या संघातून मुंबईच्या मैदानांवर नाव मिळवू लागला. त्याची जागा आघाडीची, मधली. ज्यास सेंटर फॉरवर्ड म्हणत त्या जागी. या जागेचे काम सांगावयास सोपे आणि करावयास अवघड असते. इतर दहा जणांनी घाम गाळून चेंडू आणून दिला की निमिषात तो जाळ्यात घालावयाचा. घातला तर जय, चुकला तर सर्वांचा घाम वाया. राज्याराज्यांच्या संघांसाठी संतोष करंडकाची स्पर्धा 1941 पासून होत आली होती, पण मुंबईस तो करंडक कधी मिळाला नव्हता. 1954-55 च्या स्पर्धेत तो प्रथम मुंबईस मिळाला, आणि त्या विजयी संघात नेव्हिल होता. त्याचा धाकटा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला. म्हणजे खेळ घरात होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. हा जो काळ होता त्या काळात गोवा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. 1955 च्या 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सीमेवर गोळ्यांस बळी पडले, आणि भारत व गोवा यांमधील दळणवळण तुटले. मुंबईतील गोमंतकीयांचे गाव पोर्तुगालच्या नकाशात आणि भाकरी भारताच्या. अशा वेळी एक गोमंतकीय तरुण भारताचा गणवेश अंगावर चढवून परदेशी निघाला होता. त्याने याविषयी भाषणे केली नाहीत. फुटबॉलपटूकडून तशी अपेक्षाही नसते. पण गोवा मुक्त होण्याच्या पाच वर्षे आधी गोव्याचे एक नाव भारताच्या नावासह मेलबर्नच्या गुणफलकावर लागले, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने नुसती पाहून पुढे जाण्यासारखी नाही.

मेलबर्नपूर्वी ऑलिंपिकात आपली स्थिती काय होती तेही पाहू. 1948 साली लंडनला भारताचा फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी वाया घालवून आपण 2-1 असे हरलो, पण लंडनकरांनी त्या अनवाणी खेळाचे कौतुक केले. चार वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकीच्या थंडीत ते कौतुक उपयोगी पडले नाही. युगोस्लाव्हियाने आपणांस 10-1 असे हरविले. या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. हा 10-1 आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा; तो पुन्हा लागणार आहे.

या मोडक्या अवस्थेतून संघ उभा केला तो सय्यद अब्दुल रहीम या गृहस्थांनी. हे हैदराबादचे, पेशाने शिक्षक. त्यांनी हैदराबाद पोलिसांच्या संघास 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक मिळवून दिला. शिक्षकाची शिस्त त्यांनी मैदानावर आणली. चेंडू पायात खेळवीत बसू नये, तो तत्काळ सोबत्याकडे जावा, हा त्यांचा आग्रह. आणि ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्यानेच मारावे असे सामने ते मुद्दाम भरवीत, म्हणजे दोन्ही पाय सारखे तयार होत. मेलबर्नला गेलेल्या त्यांच्या संघाचा कर्णधार बंगालचा समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. त्याच्यासोबत पी. के. बॅनर्जी, बलराम, किट्टू, कन्नायन, केंपय्या, निखिल नंदी. पाठीस अझीझ, लतीफ, सलाम. गोलरक्षक म्हणून सैन्यातले थंगराज आणि मुंबईचे नारायण. हैदराबाद, बंगाल, म्हैसूर, मद्रास, मुंबई असे सर्व प्रांत त्या अकरांत मिसळले होते. आघाडीच्या टोकावर नेव्हिल.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. 1952 च्या सुवर्णपदकाचा मानकरी तो हंगेरी. आपला निभाव लागणे अवघडच होते. परंतु इतिहास कधी कधी मैदानाबाहेर घडतो. ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टला जनतेने उठाव केला, 4 नोव्हेंबरला रशियन रणगाडे त्या शहरात शिरले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेस आलाच नाही. भारतास पुढे चाल मिळाली. आपल्या यशाच्या दाराशी दुसऱ्या एका राष्ट्राचे दुःख उभे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दार उघडे मिळाले तरी आत जाऊन मिळवावे लागते, हेही तितकेच खरे.

1 डिसेंबर 1956. प्रतिस्पर्धी यजमान ऑस्ट्रेलिया, आणि प्रेक्षक अर्थातच त्यांच्या बाजूचे. नवव्या मिनिटास नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने फेड केली. तेहेतिसाव्या मिनिटास नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळविली. एकेचाळिसाव्यास मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरास 2-2. यजमान अशा वेळी उत्तरार्धात चढाई करतात हा नेहमीचा अनुभव. पण पन्नासाव्या मिनिटास तिसरा गोल झाला तो आपला, आणि तोही नेव्हिलचाच. ऐंशीव्या मिनिटास किट्टूने चौथा घातला, आणि भारत 4-2 असा जिंकला.

4 डिसेंबरला उपांत्य सामना, आणि प्रतिस्पर्धी तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी 10-1 असे लोळविणारा. या युगोस्लाव्हियाने आधीच्या फेरीत अमेरिकेवर नऊ गोल चढविले होते. पूर्वार्ध संपला तेव्हा एकही गोल नव्हता. आणि बावन्नाव्या मिनिटास नेव्हिलने गोल केला! भारत 1, युगोस्लाव्हिया 0. क्षणभर असे वाटावे की हेलसिंकीचे उट्टे निघणार आणि भारत अंतिम सामना खेळणार. ती आघाडी फार थोडी मिनिटे टिकली. पापेचने बरोबरी केली, व्हेसेलिनोविचने आघाडी घेतली, पापेचने तिसरा घातला, आणि चौथा गोल सलामच्या पायास लागून आपल्याच जाळ्यात गेला. आपण 4-1 असे हरलो. 7 डिसेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाशी गाठ पडली, तेथे 3-0 अशी हार झाली. त्या तीन गोलांतील एक मिलानोव्हचा.

ध्यानात घेण्यासारखा योगायोग असा. तिघांनीही उपांत्यपूर्व फेरीत तीन-तीन गोल केले. तिघांनीही नंतर एक-एक केला. व्हेसेलिनोविचचा चौथा गोल भारताविरुद्ध, मिलानोव्हचा चौथाही भारताविरुद्ध, आणि नेव्हिलचा चौथा युगोस्लाव्हियाविरुद्ध. तिघे एकाच मापाचे ठरले, आणि ते माप त्यांनी परस्परांच्या समोरासमोर उभे राहून दिले. आता पुढे काय झाले ते पाहावयाचे.

मिलानोव्ह ब्राँझपदक घेऊन आपल्या सैनिकी संघात परतला. त्याचा व्यवसाय फुटबॉल होता आणि तो चालूच राहिला. व्हेसेलिनोविच रौप्यपदक घेऊन नोव्ही साद या शहरातील व्होइव्होदिना संघात परतला.  1961 साली तो इटलीच्या संपदोरिया संघात उघडउघड धंदेवाईक म्हणून गेला. खेळणे संपल्यावर तो प्रशिक्षक झाला, 1984 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा संघ त्याच्या हाताखाली उतरला, आणि तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघास त्याने अजिंक्यपदे मिळवून दिली. म्हणजे मेलबर्नला त्याने जे ज्ञान दाखविले ते ज्ञान त्याच्यापाशी राहिले, वाढले, आणि पुढच्या पिढीच्या हवाली झाले.

नेव्हिल मुंबईस परतला. 1958 साली कॅलटेक्सच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला, त्यात तो होता. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने तो मानाचा चषक घ्यावा हा त्या शहराच्या फुटबॉलचा मोठा दिवस. परंतु 1960 साली रोम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात त्याचे नाव नाही. 1962 साली जाकार्तास रहीमसाहेबांच्या संघाने दक्षिण कोरियास 2-1 असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविले, त्यातही ते नाही. रहीमसाहेब 1963 साली वारले. 1961 साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जीस, मग बलरामास, पुढे थंगराजासही मिळाला. नेव्हिलचे नाव त्या यादीत कधी आले नाही. 1980 साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

इतके ऐकल्यावर श्रोत्यांच्या मनात हळहळ उत्पन्न होईल, आणि ती योग्यच आहे. परंतु व्याख्यानमालेचे काम हळहळ उत्पन्न करून थांबण्याचे नव्हे. कंपनीच्या नोकरीने खेळाडूचा घात केला, असा सोपा निर्णय देऊन आपण मोकळे होऊ नये. त्या नोकरीची दुसरी बाजू पाहावी. फुटबॉलपटूचे पाय तिशीनंतर साथ सोडू लागतात. संसार मात्र त्याच सुमारास वाढत असतो. गुडघा एकदा मुरगळला तर धंदेवाईकाचे उत्पन्न त्या दिवशी थांबते. कंपनीच्या नोकराचे थांबत नाही. गोलांची संख्या घटली म्हणून महिन्याचा पगार घटत नाही, आणि म्हातारपणी फंडाचे चार पैसे हाती येतात. आपल्यातील ज्या कोणी मुंबईस चाकरी करून गावाकडे घर शाकारले, धाकट्यांची शिक्षणे केली, त्यास या सुरक्षिततेची किंमत ठाऊक आहे. नाटक कंपन्यांच्या पडत्या काळात मोठमोठ्या नटांचे जे हाल झाले ते आपण विसरलो नाही. तेव्हा हजेरीपटावरील नाव ही हसण्याची वस्तू नव्हे.

मग उणे कोठे पडले? आमच्या मते ते असे. कंपनीने माणसास सांभाळले, परंतु त्याच्या विद्येस सांभाळण्याची व्यवस्था कोणीच केली नाही. हजेरीपटावर तो नोकर. त्याने अकरा पावलांच्या जागेत चेंडूवर कसे लक्ष ठेविले, बचाववाल्याच्या पाठीमागून केव्हा निघाला, थकलेल्या पायांनी पन्नासाव्या मिनिटास धाव कशी घेतली, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? धंदेवाईक मंडळी आपल्या उत्तम नटाकडून पुढचा नट तयार करून घेते, कारण तिचे पोट त्यावर अवलंबून असते. हौशी मंडळीत प्रयोग संपला की पडदा घडी करून ठेवतात. आपले फुटबॉल उच्चतम पायरीवर जाऊनही हौशी मंडळीच राहिले. पूर्व युरोपातील तथाकथित हौशी खेळाडूंमागे सरकार उभे होते. आपल्या खेळाडूमागे एका कचेरीची सदिच्छा होती. मेलबर्नला तिघे समान ठरले ते पायांच्या गुणाने. पुढे समान राहिले नाहीत ते पायांखालच्या व्यवस्थेने. 1956 चे चौथे स्थान हेच आजवर ऑलिंपिक फुटबॉलमधील आपले सर्वोच्च स्थान आहे, आणि 1960 नंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिक स्पर्धेत दिसलेला नाही, यामागे हे एक कारण आहे असे आम्हांस वाटते. ते एकमेव आहे असे आम्ही म्हणत नाही.

शिवाय ज्या कंपन्यांच्या आश्रयाने हे सर्व चालले त्यांचेही काही अमर नसते. कॅलटेक्सचा येथील धंदा सरकारने ताब्यात घेतला आणि 1978 साली तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. 1958 चा चषक जिंकणाऱ्या संघाचे नाव असे पुसले गेले. रोव्हर्स चषकाची स्पर्धाही 2001 च्या सुमारास बंद पडली. महिंद्रासारख्या बलाढ्य कंपनीने आपला संघ 2010 साली विसर्जित केला. संघ ही संस्था नसून कंपनीचे एक खाते असेल, तर खाते बंद करण्याच्या निर्णयाने इतिहासही बंद होतो. त्याची कागदपत्रे, छायाचित्रे, चषक कोणाच्या कपाटात गेले याची चौकशी करणारा वारसच राहत नाही.

गोव्याने मात्र थोडे वेगळे केले, तेही सांगितले पाहिजे. तेथेही संघ उभे राहिले ते खाणमालकांच्या आश्रयाने, साळगावकर, धेंपो अशा नावांनी. म्हणजे रचना कंपनीचीच. पण गाव त्या संघांस आपले मानीत होते. 1954 साली ताळगाव येथे जन्मलेले ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाचे गोलरक्षक झाले, भारताचे कर्णधार झाले, 1997 साली त्यांस अर्जुन पुरस्कार आणि 2022 साली पद्मश्री मिळाली. नेव्हिलच्या पिढीस जे मिळाले नाही ते एका पिढीनंतरच्या गोमंतकीयास मिळाले. याचे श्रेय जेवढे त्यांच्या कर्तृत्वाला तेवढेच खेळाडूचे नाव न विसरणाऱ्या त्यांच्या गावालाही आहे. देशभरातही 1996 साली राष्ट्रीय लीग आणि 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. आज भारतातील फुटबॉलपटू आपण धंदेवाईक आहोत असे न लाजता सांगतो, करारावर सही करतो. हा बदल आम्ही चांगलाच मानतो. पण करार संपल्यावर त्या खेळाडूचे आणि त्याच्या विद्येचे काय, हा जुना प्रश्न नव्या कागदावर तसाच शिल्लक आहे.

शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. मुंबईत राबून परत आलेला चाकरमानी आपण पाहतो. त्याने तिकडे काय काम केले हे आपण त्यास क्वचितच विचारतो. पैसे किती आणले, रजा किती दिवसांची, एवढे विचारून आपले कुतूहल संपते. तो कदाचित कोणत्या यंत्रावर देशात पहिला होता, कोणत्या भजनी मंडळाचा बुवा होता, कोणत्या मैदानावर दहा हजारांनी त्याच्या नावाचा गजर केला होता, हे त्याच्याबरोबरच जाते. नेव्हिल डिसोझाचे चार गोल परदेशी नोंदींत टिकले म्हणून तरी आपणांस सापडले. आपल्या जिल्ह्यातील किती चाकरमान्यांचे असे गोल कोणत्याच नोंदीत नसतील!

तेव्हा या व्याख्यानाच्या शेवटी आमची एक विनंती आहे. यंदा गणपतीस किंवा शिमग्यास घरी जे वडीलधारे येतील, किंवा चाकरी संपवून कायमचे येऊन ओटीवर बसलेले आहेत, त्यांस तरुणांनी विचारावे की, तात्या, तुम्ही मुंबईस काय करीत होता, कसे शिकला, कोणाकडून शिकला, आणि ते आम्हांस शिकवाल काय? उत्तर मिळेल ते वहीत उतरून ठेवावे, आणि ती वही गावच्या वाचनालयात द्यावी.